डावा पंख

एतेल्का सांगते, दोन्ही पंख कापू नकोस.
दोन्ही कापले की त्याचीही सवय होते त्यांना,
कमी उडतात, पण उडतात.
एकच काप. डावा.
मग वारा पोटाखाली आला तरी
अर्धं अंग वर जातं, अर्धं जमिनीचंच राहतं,
आणि पक्षी गिरकी खाऊन चिखलात बसतो
काही झालंच नाही अशा तोऱ्यात.

हे ते हंस नव्हेत, दूध नि पाणी वेगळं करणारे.
यांच्यापुढे घमेलं ठेवलं
की मका, पाणी, चिखल, विष्ठा
दोन मिनिटांत एकजीव.

उपड्या बादलीवर बसलीय एतेल्का,
काखेत हंस, त्याचं डोकं मागच्या बाजूला.
नोएमीनं पंख उलगडून धरायचा.
नातसून. बुडापेस्टहून येऊन सहा आठवडे झालेत,
बूट अजून पांढरे आहेत.
"मुळाशी निळसर दिसलं तर थांब, आत रक्त आहे.
पोकळ, पांढरं, तिथं काप. नखासारखं.
कडेची दोन मात्र ठेव.
मिटलेला पंख दिसायला बरा हवा,
बाजारात बायका बघतात."
कात्री शिवणकामाची, एका कडीला दोरा गुंडाळलेली.
तेवीस वेळा तोच आवाज,
जाड पुठ्ठा कापल्यासारखा.

कुंपण कमरेएवढंच.
उंचीची भीती नाही, भीती खालची.
चोच घालतील, मग मान, मग छातीनं रेटतील.
म्हणून वेंडेलनं जाळी वीतभर पुरली होती
आणि वाळुंजीचे खुंट ठोकले होते.
वेंडेल गेला त्या वसंतात
चार खुंटांना पालवी फुटली.
एतेल्कानं ती छाटली.
खुंटानं खुंटासारखं राहावं, म्हणाली.

ऑक्टोबरात वरून रानहंस जातात.
दिसण्याआधी ऐकू येतात,
तिसा नदीवरून, धुक्याच्या वरच्या मजल्यावरून.
तेव्हा वाड्यातल्या तेवीस माना
एकदम एका बाजूला वळतात.
नोटरी, म्हणजे त्यांतला म्होरक्या नर
(गावच्या नोटरीसारखी चाल, तसंच पोट),
या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतो,
पंख पसरून, ओरडत,
आणि पाण्याच्या टाकीवर आपटतो.
दुसऱ्या दिवशी पुन्हा.
एतेल्का त्या वेळी कपडे वाळत घालते. वर बघत नाही.

मग एका पहाटे वाडा रिकामा.

पिसंसुद्धा फारशी पडलेली नव्हती.
ते उडाले नव्हतेच. चालत गेले होते,
डांबरी रस्त्यानं, एकामागे एक,
पुढे नोटरी,
रानहंस ज्या बाजूला गेले नेमक्या त्या बाजूला.
कार्त्सागहून येणारी सहाची बस
त्यांच्यामागे बैलगाडीच्या वेगानं.
ड्रायव्हर लोरिंत्सनं हॉर्न दिला,
त्यांनी उलट दिला.
खिडकीतली माणसं उभी राहून बघत होती,
कुणालाच कामाची घाई नव्हती.

एतेल्का धावली नाही.
डबा घेऊन निघाली, मूठभर मका आत,
खुळखुळ, खुळखुळ.
बावीस वळले.
नोटरी आणखी वीस पावलं गेला,
थांबला, मागे बघितलं,
आणि असा परत आला
की फेरफटका त्यानंच ठरवला होता.

फाटकापाशी एतेल्कानं आकडा बोटानं हलवून पाहिला.
"चोचीनं उघडलाय," म्हणाली. "हुशार असतात."
नोएमी गप्प.
रात्री नेटवर्कसाठी ती तिथं उभी होती,
फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला,
एक हात कानाशी, एक थंडीनं खिशात,
आणि परत येताना
दोन्ही हात तसेच होते.

एतेल्कानं आकड्याला तार बांधली. तीन वेढे.
पक्कड नोएमीच्या हातात दिली,
शेवटचा पीळ तिला घालू दिला.

रविवारी कापलेल्या पिसांची जुडी बांधून
तिनं कुंचला केला,
ओव्हनमध्ये जाणाऱ्या पावावर
अंड्याचा पिवळा बलक फिरवायला.
"सगळी डावीच आहेत," नोएमी म्हणाली.
"हो," म्हणाली एतेल्का, "म्हणून हात जरा वळवून धर."